तलावाकाठी धरलेला दोर

माझा धाकटा भाऊ मुंबईला गोदीत पाणबुड्या होता. जहाजाच्या तळाशी साखळी अडकली, पंख्यात दोर गुंतला, की पाठीवर हवेची नळकांडी बांधून तो खाली उतरायचा. नोकरी पक्की, पगार माझ्यासारख्या हिशेबनिसापेक्षा जास्त, अंगाला व्यसन नाही. तरी लग्नाची बोलणी तीनदा मोडली होती. मुलगा चांगला आहे, पण धंदा पाण्यातला, एवढंच उत्तर तिन्ही ठिकाणांहून आलं. चौथ्यांदा बोलणी बाळापूरजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी लागली तेव्हा भावाने मला सांगून टाकलं की ही मोडली तर मी राजीनामा देतो आणि अमरावतीला येऊन कुठेतरी खर्डेघाशी करतो. मुलगी त्याच्या मनात भरली होती. तिचाही होकार असल्याचं तिच्या आईने माझ्या बायकोच्या कानात सांगितलं होतं. अडलं होतं ते मुलीच्या वडिलांपाशी.

आमच्या दोन्ही घरांनी छप्पन्न साली एकाच वेळी धम्म स्वीकारला होता. हुंडा, मानपान यांचा प्रश्नच नव्हता. वडिलांची अडचण वेगळी होती. त्यांचा सख्खा भाऊ विहिरीतला गाळ काढायला उतरला होता आणि जिवंत वर आला नाही. वर दोरावर जो होता, तो पानतंबाखू खात बसला होता. हे त्यांनी पहिल्याच भेटीत कोरड्या आवाजात सांगितलं आणि मला विचारलं,

“भाऊ, तुमी खरं सांगा. धोका हाय का नाही?”

“आहे,” मी म्हणालो.

मग त्या धोक्यासाठी काय काय काळजी घेतात तेही सांगितलं. पण पहिल्या शब्दानंतर कोणी ऐकत होतं असं मला वाटलं नाही. परतीला आम्ही अमरावतीच्या बसमध्ये बसलो. मूर्तिजापूर गेल्यावर बायको म्हणाली, “तुमाले हिशेब बरोबर ठेवाची लयच हौस. लगन मोडलं तरी चालते, हिशेब नाही मोडला पायजे.”

याच सुमारास आमच्या शहरातल्या बागेच्या तलावाचं एक काम निघालं. तलावातल्या दगडी बुरुजाच्या तळाशी पाणी सोडायची लोखंडी झडप होती, ती गाळाने जाम झाली होती. तलाव रिकामा करायचा तर सगळं पाणी वाया. म्हणून मुंबईहून पाणबुड्या मागवायचं ठरलं, आणि इकडचा माणूस म्हणून माझ्या भावाला पाठवलं. सोबत दोर धरणारा एक मालवणकडचा जोडीदार होता. मी लगेच बाळापूरला मुलीच्या वडिलांना निरोप पाठवला: येऊन पाहून जा.

ते आले. जानेवारीची थंडी होती. डोक्याला मफलर, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. बागेत जत्रा भरल्यासारखी गर्दी झाली होती. फुटाणेवाल्याने कारंज्यापाशी गाडी लावली होती. भाऊ काळा रबरी पोशाख आणि पायात बेडकासारखे पंजे घालून निघाला तेव्हा पोरं हसली, आणि एका म्हातारीने, पाठीवर सोडावाटरच्या बाटल्या घेऊन हा कुठं चालला, असं विचारलं. खाली किती पाणी आहे, या प्रश्नाला भाऊ तीस फूट असं उत्तर देत होता. बुरुजावरच्या पट्टीप्रमाणे ते एकोणीस होतं. मी तसं सांगितलं. बायकोने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

तो पाण्यात गेला. गर्दीला वाटलं होतं, काहीतरी दिसेल. पण आमच्या काळ्या मातीचं पाणी. हातभर खालचं दिसत नाही. नुसते बुडबुडे येत होते. ते बुरुजाच्या मागे गेले, मग तेही दिसेनासे झाले. लोक कंटाळून फुटाण्यांकडे वळले.

खाली आणि वर बोलणं व्हायचं ते भावाच्या कमरेला बांधलेल्या दोरावरून. वरच्याने एकदा ओढायचं, म्हणजे ठीक आहे का. खालच्याने एकदा ओढायचं, म्हणजे ठीक आहे. हे मी पाहुण्यांना समजावून सांगितलं. ते पाण्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर जोडीदाराच्या हातावर होती.

जोडीदार आपल्या कामात जुना माणूस. मधूनमधून दोर ओढून बघत होता. पण नगरपालिकेचा ओव्हरसियर त्याला मुंबईतल्या खोल्यांचं भाडं विचारत होता आणि तो पाण्याकडे पाठ करून चवीने सांगत होता. पाहुण्यांनी शेंगांची पिशवी माझ्या बायकोच्या हातात दिली, चपला काढल्या आणि पायऱ्या उतरून त्याच्याजवळ गेले.

“तू बोल बापू सावकाश. दोर मले दे.”

जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं. नियमात हे बसत नव्हतं. पण त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून त्याने दोर दिला आणि स्वतः खांद्याला खांदा लावून शेजारी उभा राहिला. ओव्हरसियर निघून गेला.

त्यानंतर पाहुण्यांनी दोर ओढायला सुरुवात केली. ओढायचं, उत्तराची वाट बघायची, उत्तर आलं की एक श्वास घ्यायचा, आणि पुन्हा ओढायचं. जोडीदार हळूच म्हणाला की एवढ्या वेळा विचारायची गरज नसते. ते ऐकून घेत होते आणि ओढत होते. थंडीतही त्यांच्या कपाळावर घाम आला होता. प्रत्येक वेळी खालून एक ओढ येत होती.

झडप मोकळी झाली. बुरुजातून पाण्याचा आवाज आला तशी गर्दी पुन्हा काठावर धावली. भाऊ वर आला, थंडीने निळा पडलेला, डोळ्यांवरची काच गाळाने माखलेली. पाहुण्यांनी आधी दोराची गुंडाळी नीट करून जोडीदाराच्या हाती दिली, मग मफलर काढून भावाच्या डोक्याला बांधला. तो कपडे बदलायला गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले,

“इतक्यांदा इचारलं, एकदाबी कंटाळला नाही. उत्तर देतच राहिला. पोरगी देतो मी.”

मग चपला पायात सरकवत म्हणाले, “तुमी त्या दिवशी धोका नाही म्हटलं असतं, तर आलोच नसतो मी.”

मी बायकोकडे पाहिलं. ती शेंगा निवडत होती.

रात्री जेवताना भावाने मला विचारलं, वर दोर कोणी धरला होता? एका हाताने झडपेचा पाना धरायचा, दुसऱ्या हाताने उत्तर द्यायचं. काम दुप्पट लांबलं. तोंडात हवेची नळी नसती तर मी ज्या शिव्या दिल्या त्या सगळ्या बागेने ऐकल्या असत्या, असं तो म्हणाला. तुझ्या सासऱ्यांनी, असं मी सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. त्या शिव्यांबद्दल मी पाहुण्यांना पुढे कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

लग्न अकोल्याला झालं, आमच्या नव्या पद्धतीने, दुपारच्या आत आटोपलं. पाहुण्यांची एकच अट होती: मुंबईच्या त्या दोरवाल्याला बोलवायचं. तो बिचारा एवढ्या लांबून आला. पंगतीत त्याला पहिल्या पाटावर बसवून पाहुण्यांनी स्वतः वाढलं. वरण, वडे, पुन्हा वडे. तो पानावर आडवा हात धरू लागला तेव्हा त्याचा हात बाजूला करून ते म्हणाले,

“जेव बापू पोटभर. काय बोलाचं ते आताच बोलून घे. तिथं दोर हाती असला का बोलू नको.”

जोडीदाराने मान हलवली, आणि आणखी एक वडा घेतला.