गव्हाची बियर, न चाखता

नागपूरच्या माणसाला संत्र्याची अ‍ॅलर्जी आहे असं म्हणणं म्हणजे त्याच्या खानदानाची बदनामी करणं. माझी ती बदनामी अख्खा पावसाळा चालली, आणि तीसुद्धा मीच बनवलेल्या बियरपायी.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटी ब्रुअरी आहे, तिथे मी बियर बनवते. शिक्षण मायक्रोबायॉलॉजीचं, घर विणकरांचं. आजोबांपर्यंत हातमाग होता, वडील गिरणीत लागले आणि मी इथे आले. आई नातेवाइकांना सांगते की पोरगी खाण्यापिण्याच्या कंपनीत आहे. त्यात खोटं काही नाही, फक्त खाण्याचा भाग तिने पदरचा घातलाय.

आमच्या बाकीच्या बियर जवाच्या. पण लोक आम्हाला ओळखतात ते गव्हाच्या बियरमुळे, आणि ती माझी आहे. निम्मा गहू, निम्मा जव, उकळी संपताना भरडलेले धणे आणि काटोलकडच्या संत्र्यांची वाळवलेली साल. ती जमेपर्यंत मी कितीतरी टाक्या मोरीत ओतल्या. मालक हात टेकायच्या बेतात होते, तेवढ्यात ती जमली.

रोज सकाळी मालकांसकट आम्ही पाच जण टाक्यांमधले नमुने चाखायला बसतो. त्या वेळी सेंट लावायचं नाही, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन आलेल्याला मालक दाराबाहेरच उभं करतात. बियर चाखताना थुंकत नाहीत. तिचा कडवटपणा जिभेच्या पार मागे कळतो, म्हणून घोट गिळावाच लागतो. माझ्या बाबतीत नेमकं हेच नडलं.

एका सकाळी गव्हाच्या बियरचा घोट घेतला आणि थोड्या वेळाने मनगटावर गांधी उठल्या. पित्त असेल म्हणून आईने आमसुलाचं पाणी चोळलं. पुढच्या आठवड्यात खालचा ओठ सुजला. जवाच्या बियरने काही व्हायचं नाही, गव्हाची प्यायली की व्हायचं. मी रोज दोन वेळा गव्हाच्या पोळ्या खाणारी बाई, त्यामुळे गव्हावर कोणाचा संशय गेला नाही. सगळ्यांनी मिळून संत्र्याला आरोपी ठरवलं.

"साल काढून टाकू बियरमधून," एक सहकारी म्हणाला. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी मी पिशवीभर संत्री नेली आणि चाखायच्या टेबलावर बसून सगळ्यांसमोर एकामागून एक खाल्ली. एकाची साल पण चावली. काही झालं नाही. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुले संत्र्यानं काही होत नाही वं. लहान होती तं टोपलंभर खात होती." घरच्या कोर्टात संत्रं निर्दोष सुटलं. ब्रुअरीत मात्र कुजबुज चालूच राहिली.

मग एक दिवस घोटानंतर घसा आवळायला लागला. श्वास आत जाईना. मालकांनी स्वतः गाडी काढली आणि धंतोलीच्या एका दवाखान्यात नेलं. त्या दिवशी मी खरोखर घाबरले. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला माझा जीव खालीवर होत होता.

बरी झाल्यावर तिथल्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, "बियरमध्ये जे जे पडतं ते सगळं चिमूट चिमूट घेऊन या." मी घरातला मसाल्याचा डबा रिकामा केला आणि त्याच्या वाट्यांमध्ये गहू, जव, हॉप्सची फुलं, यीस्ट, धणे आणि साल भरून नेली. बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईंनी डब्यात डोकावून विचारलं, "दवाखान्यात मसाला काहून आणला वं?" मी म्हटलं, तपासायला. त्या थोड्या सरकून बसल्या.

डॉक्टरांनी माझ्या हातावर ओळीने सगळं टोचलं. संत्र्याची जागा कोरी राहिली. मी आधी तीच पाहिली आणि मला हसू आलं. गव्हाच्या जागी मात्र चांगली टपोरी गाठ उठली होती.

"पण मी पोळी खाते की," मी म्हटलं.

"नुसता गहू तुम्हाला चालतो," त्या म्हणाल्या. "गहू आणि अल्कोहोल एकत्र पोटात गेले की शरीर बिथरतं. जवाची सकाळी रिकाम्या पोटी चाखलीत म्हणून आजवर निभावलं, पण यापुढे जवाची बियर घेणार असाल त्या दिवशी गहू खायचा नाही. आणि गव्हाची बियर आता थेंबभरही नाही. पुढच्या वेळी घसा उघडेलच असं मी सांगू शकत नाही."

त्यांनी पर्समध्ये ठेवायला एक इंजेक्शन लिहून दिलं. माझ्या डब्यात पोळीच्या जागी ज्वारीची भाकर आली. ते सोपं होतं. अवघड होतं ते मालकांसमोर बसणं.

"चाखल्याबिगर कसं जमन?" ते म्हणाले. "तुले काही झालं तं तुझ्या मायले मी काय तोंड दाखवू? गव्हाच्या बियरसाठी पुण्याहून एक जण आणतो. तू बाकीच्या पाहा."

त्यांचं बोलणं रास्त होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. ती बियर दुसऱ्याच्या हातात गेली असती तर मी त्या ब्रुअरीत फक्त पगारापुरती उरले असते. मी विचार करायला वेळ मागितला आणि घरी आले.

घरी महालक्ष्म्यांची गडबड होती. आमच्याकडे त्या दिवशी सोळा भाज्या, कढी, आंबील, पुरण, सगळं आई एकटी रांधते, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी काही चाखत नाही. मी कांदा-लसणाशिवायच्या त्या कढीपाशी उभी होते. आई मागून आली, पातेल्यावर जरा वाकली आणि म्हणाली, "मीठ राहिलं."

"तुला कसं कळलं?"

"वास येते ना. मीठ नसलं की कढीचा वास कच्चा येते."

जन्मापासून मी हे पाहत आले होते. इतका मोठा स्वयंपाक, आणि त्यातला एकही पदार्थ तिने रांधताना कधी जिभेवर ठेवला नव्हता. कधी मीठ चुकलं नाही, कधी पुरण सैल झालं नाही. मी मायक्रोबायॉलॉजीची पदवी घेऊन कढीपाशी उभी राहिले आणि ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मालकांना म्हटलं, "गव्हाची बियर मीच बनवणार. वासावर. जीभ तुम्हा चौघांची वापरीन. एक बॅच जरी माझ्यामुळे बिघडली तरी पुण्याच्या माणसाला बोलवा, मी अडवणार नाही." ते हो म्हणाले.

नाकाला कामाला लावणं म्हणजे नव्याने शाळेत जाणं होतं. गार बियरला वास कमी, म्हणून मी ग्लास दोन्ही तळव्यांत धरून कोमट होऊ द्यायची, वर बशी झाकायची आणि मग बशी सरकवून हुंगायची. चौघांना नुसतं चांगलं-वाईट विचारायची नाही. धणे आधी लागतात की नंतर, आंबट जिभेच्या कडेला लागतं की मध्ये, असे प्रश्न विचारून त्यांना पिडायची. त्यांनी मला मास्तरीण म्हणायला सुरुवात केली. दिवाळीपर्यंतच्या सगळ्या बॅच नीट निघाल्या.

वर्षअखेरीसाठी आम्ही सगळ्यात मोठी टाकी भरली. ती सगळी आधीच विकली गेली होती. बाटल्या भरायच्या आदल्या सकाळी मी ग्लास तळव्यांत धरला, बशी सरकवली आणि मला ताकाचा वास आला. फार नाही, संत्र्याच्या वासाच्या मागे दडून बसलेला. चौघांनी चाखली. एकाला किंचित आंबट लागली.

"संत्र्याचा आंबटपणा आहे," तो म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. सालीत कुठला आला आंबटपणा? पण नागपुरात आंबट लागलं की संत्र्याच्या नावावर जातं.

"टाकी सोडून द्या," मी म्हटलं. "जंतू शिरलेत. आज जिभेला कळत नाही, आठवड्याने कळेल."

मालकांचा चेहरा उतरला. "चार जिभा एकीकडे आन् तुझं नाक एकीकडे. मी कोणाचं ऐकू, सांग बरं?"

ग्लास माझ्या हातातच होता. एक घोट घेतला असता तर माझी तरी शंका फिटली असती. इंजेक्शन पर्समध्ये होतं, पर्स खुंटीला होती. घोट घ्यायचा मोह मला झाला, फार झाला. मी ग्लास टेबलावर ठेवला आणि लांब सरकवला.

"माझं ऐका," मी म्हटलं.

"चुकली तं?"

"तर पुण्याला फोन लावा."

ते उठले. "मंग तूच सोड. माझ्यानं नाही होणार."

मी नमुन्याच्या काही बाटल्या बाजूला काढून घेतल्या आणि टाकीचा कॉक उघडला. सगळ्या शेडमध्ये धण्यांचा आणि संत्र्याचा वास भरला. माझ्या महिन्याभराच्या मेहनतीचा फेस नाल्यात जात होता. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. टाकी रिकामी झाल्यावर मी ती आतून घासायला घेतली.

बाजूला काढलेल्या बाटल्या मालकांनी आपल्या केबिनमध्ये ठेवून घेतल्या होत्या. नवं वर्ष लागल्यावर एका सकाळी ते खाली उतरले. त्यांच्या हातात एक उघडी बाटली होती आणि तोंड वाकडं झालं होतं. त्यांनी ती बाटली माझ्यासमोर मोरीत उलटी केली. तो वास ओळखायला माझ्या नाकाची गरज नव्हती. शेडमधल्या सगळ्यांनीच नाकं मुरडली.

"पुढची बॅच कधी टाकून राहिली?" त्यांनी विचारलं.

"गहू आलेत," मी म्हटलं. "उद्याच टाकते."