एकतीस ऑगस्टच्या आत

व्हर्ना हुडॅकची पिरोगी, म्हणजे इथली बटाटा भरून उकळलेली करंजी, पाण्यात फुटत नाही, हे आमच्या गावात सगळ्यांना पाठ होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं काढलेली बाई. तिने चिमटलेली कड सुरीनेसुद्धा उलगडणार नाही, असं लोक म्हणायचे, आणि ती ते कान देऊन ऐकायची.

मी त्या चर्चची नाही, खरं तर कुठल्याच चर्चची नाही. पण एकतीस वर्षं अमेरिकेतल्या या नदीकाठच्या गावात औषधांच्या दुकानात उभी राहिले, तेव्हा निम्म्या गावाचं पोट आणि निम्म्याचं रक्त मला माहीत आहे. निवृत्त झाले तशी बायकांनी मला धरून चर्चच्या तळघरात नेलं. दर गुरुवारी तिथे शंभर डझन पिरोग्या होतात. पहिल्या दिवशी मी सवयीने करंजीसारखी मुरड घातली, तर व्हर्नाची थोरली बहीण पॉलीन म्हणाली, "विंडा, ही खायची की कानात घालायची?" माझं नाव वृंदा. इथे ते कुणाच्या तोंडात बसत नाही. तेव्हापासून चिमटायच्या टेबलाशी मला कोणी बसवत नाही. माझ्याकडे उकळतं पातेलं आणि झारा.

ऑगस्टमधल्या जत्रेच्या आधीचा गुरुवार होता. पॉलीन त्या दिवशी नव्हती, तिच्या मणक्याच्या तपासणीला पिट्सबर्गला गेली होती. प्रत्येकीच्या ट्रेला तिच्या नावाच्या अक्षराची चिकटपट्टी असते. मी व्हर्नाचा ट्रे पातेल्यात सोडला आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं. बारांपैकी सात पिरोग्या उघड्या पडल्या, बटाटा सगळा पाण्यात. मी गुपचूप झाऱ्याने काढून टाकल्या. दुसरा ट्रे सोडला, त्याचंही तेच झालं. बायका एकदम कणकेकडे बघायला लागल्या.

मी टेबलाकडे पाहिलं. व्हर्ना डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरून चिमटत होती. मग तिने हात मांडीवर घेतला. तिथे अंगठा आणि पहिलं बोट आपले आपण फिरत होते, गोळी वळल्यासारखे. अशा हातावरचं, कंपवाताचं औषध मी एकतीस वर्षं मोजून दिलंय.

"हात दुखतोय का गं?" मी विचारलं.

"कणीक घट्ट आहे," व्हर्ना म्हणाली.

कणीक लोण्यासारखी होती. पण मी वाद घातला नाही. मीही घाबरले होते, हे इथे कबूल करते.

मंगळवारी मी ज्येष्ठांच्या केंद्रात एका टेबलाशी बसते. पासष्ट वर्षं झाली की सरकारचं मेडिकेअर मिळतं. ते डॉक्टरच्या बिलातला ऐंशी टक्के भाग उचलतं. उरलेले वीस टक्के आपले, आणि त्या विसाला वर छप्पर नाही. कॅन्सर झाला तरी वीस, वर्षभर उपचार चालले तरी वीस. म्हणून लोक वरून एक खासगी विमा घेतात. इथे त्याला सप्लिमेंट म्हणतात, मी मनात पुरवणी म्हणते. कोणती पुरवणी घ्यावी हे सांगायला सरकारने मला शिकवलंय. मी काही विकत नाही, म्हणून माझ्यावर लोक थोडा विश्वास ठेवतात. फुकटातला सल्ला म्हणून तेवढाच थोडा.

जत्रेनंतरच्या मंगळवारी व्हर्ना आली. पावाच्या रिकाम्या पिशवीत कंपन्यांची शंभरेक रंगीत पत्रं कोंबलेली. उजवा हात कोटाच्या खिशात, ऑगस्टच्या उकाड्यात.

"हे सगळं तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली. "ऑक्टोबरात मोसम सुरू झाला की बघू."

"कसला मोसम?"

"विम्याचा. टीव्हीवर म्हातारे नट ओरडायला लागतात तो. ऑक्टोबर ते डिसेंबर. अख्ख्या गावाला माहीत आहे, विंडा, तुला एवढं शिकवून माहीत नाही?"

हीच ती चूक. आमच्या गावात सगळ्याला मोसम असतो. हरणाच्या शिकारीला असतो, मासेमारीला असतो, फुटबॉलला असतो, तसा विम्यालाही असणार असं लोकांनी धरून ठेवलंय. शरदातला मोसम आहे खरा, पण तो औषधांच्या योजनांचा आणि खासगी कंपन्यांच्या सगळं-एकात-एक योजनांचा. पुरवणीचा नाही. पुरवणीला फक्त सहा महिने मिळतात, मेडिकेअर सुरू झाल्यापासूनचे. त्या सहा महिन्यांत कंपनीला तुमची तब्येत विचारता येत नाही, नाही म्हणता येत नाही. सातव्या महिन्यात सगळं विचारता येतं, आणि मग कंपनी नाही म्हणू शकते.

"तुझं कार्ड दाखव," मी म्हटलं.

तिने डाव्या हाताने पाकीट काढलं. लाल-पांढऱ्या-निळ्या कार्डावर तारीख होती एक मार्च. मी बोटांवर मोजलं. मग भीतीने पुन्हा मोजलं.

"व्हर्ना, तुझी मुदत एकतीस ऑगस्टला संपते. येत्या रविवारी."

तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तिला पॉलीन आठवली असणार, मलाही तीच आठवली. पॉलीनने सात वर्षांपूर्वी पुरवणी घेतली नव्हती. एका एजंटाने हॉटेलात स्टेक खाऊ घालून तिच्या गळ्यात ती एकात-एक योजना मारली होती. हप्ता नाही, दात फुकट, व्यायामशाळा फुकट. पॉलीन अजून सांगते, "त्याने जेवण दिलं, मी सही दिली. दोन्ही पचायला जड गेलं." मणका गेला तेव्हा कळलं की चांगला सर्जन त्या योजनेच्या यादीत नाही, आणि यादीतल्याकडेही मंजुरी येईपर्यंत पाच आठवडे झोपून राहायचं. मग तिने पुरवणी मागितली. तब्येतीच्या पानावर सगळं खरं लिहिलं आणि नकार आला. तहान लागल्यावर विहीर खणायला गेली होती बिचारी. ते नकाराचं पत्र पॉलीनने फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलंय. त्यामुळे तिच्या घरी दूध घेतानाही भीती वाटते.

पुरवण्यांना अक्षरांची नावं असतात; मी व्हर्नाला त्यातली एक साधी दाखवली. "हे 'जी' घे. अक्षर तेच असलं की सगळ्या कंपन्यांत आतला माल तोच, फरक फक्त हप्त्याचा. वर्षाच्या सुरुवातीची थोडी रक्कम तू भरायची, पुढचे वीस टक्के ते भरतील. डॉक्टर कुठलाही."

ती अर्ज भरत गेली. चौथ्या पानावर थांबली. तिथे तब्येतीची यादी होती: गेल्या दोन वर्षांत कोणत्या डॉक्टरने आपल्याला पुढीलपैकी काही असल्याचं सांगितलं आहे का. तिचं डावं बोट यादीवरून खाली गेलं आणि एका ओळीवर थबकलं. कुठल्या, ते मला उलट बाजूनेही वाचता येत होतं.

"मला कोणी काही सांगितलेलं नाही," ती हळू म्हणाली.

"हे पान तुझ्यासाठी नाहीच. तू मुदतीत आहेस. कोरं सोड."

"कोरं सोडलं की त्यांना संशय येईल."

"त्यांना संशय घ्यायचा हक्कच नाही गं."

"पॉलीलाही सगळे असंच सांगत होते. काही होत नाही, सही कर." तिने अर्जाची घडी घातली. "मला कोणी काही सांगितलेलं नाही, विंडा. आणि विमा हातात येईपर्यंत मी कुणाला विचारणारही नाही."

ती निघून गेली. मला तिचा राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. बुधवारी मी चार फोन केले. गुरुवारी ती तळघरात आलीच नाही, तेव्हा सहा. तिने उचलले नाहीत. मी घरात येरझाऱ्या घालत होते. जबरदस्ती करायची नाही असं आम्हाला शिकवलंय. पण रविवार उलटल्यावर ज्या डॉक्टरकडे ती जाईल, त्याने एक शब्द कागदावर लिहिला की जन्मभर तिला पुरवणी नाही. आणि ती गेलीच नाही तर? तो विचार मी पुरा करत नव्हते.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता मी तिच्या दारात उभी राहिले. पुढे शनिवार, रविवार, आणि सोमवारी कामगार दिनाची सुट्टी. दार पॉलीनने उघडलं, काठी टेकत.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "ही दोन दिवस केक भाजतेय. खाणारं कोणी नाही."

मी कंपनीला फोन लावला, आवाज मोठा केला, फोन टेबलावर ठेवला. पलीकडे कोणी तरुण होता. नाव, जन्मतारीख, कार्डाचा आकडा. व्हर्ना नीट सांगत होती, हात दोन्ही मांडीखाली दाबलेले. मग तो कागदावरचं वाचायला लागला, "आता तब्येतीचे काही प्रश्न. गेल्या दोन वर्षांत हातापायांना कंप, तोल जाणे, किंवा—"

पॉलीनची काठी भिंतीवरून घसरून खाली पडली. कोणी ती उचलली नाही.

"थांब जरा," मी म्हटलं. "तिचं मेडिकेअर कधी सुरू झालं ते वाच."

"एक मार्च."

"मग आज कोणता महिना? मोज. हे तुला विचारता येत नाही."

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. एवढा वेळ, की मला वाटलं माझंच काही चुकलं. एकतीस वर्षांत एकदाही चुकीची गोळी दिली नाही, आणि आज नेमकी मोजणी चुकली.

"बरोबर आहे मॅडम," तो म्हणाला. "माफ करा, सवयीने वाचलं. ते पान सोडून देऊ. एक सप्टेंबरपासून सुरू होईल."

सही फोनवर पाठवलेल्या पानावर बोटाने करायची होती. व्हर्नाने डाव्या हाताने केली. ती सही कुठल्याही बँकेने ओळखली नसती, पण कंपनीने घेतली. मग आम्ही तिघींनी दोन केक संपवले.

कार्ड सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. मी सुटले असं मला वाटलं.

पुढच्या गुरुवारी व्हर्ना म्हणाली, ती यापुढे चिमटणार नाही, बटाटे सोलेल. बारीक कड नीट दिसत नाही म्हणे, डोळे थकले. मी विचारलं, डॉक्टरला फोन केलास का? जत्रेचे हिशेब आटपू दे, म्हणाली. मग म्हणाली, सफरचंदं निघू देत. ऑक्टोबर उजाडला, टीव्हीवर म्हातारे नट ओरडायला लागले. व्हर्ना म्हणाली, हरणाचा मोसम होऊ दे, पुतणे येतात, त्यांना जेवायला लागतं. हातात सोलणी होती आणि बटाट्याबरोबर अर्धा गर जात होता.

तेव्हा मला उमगलं की मी तिची भीती चुकीच्या जागी बघत होते.

मी सरळ तिच्या घरी गेले. पॉलीन होतीच. कॉफी झाली, केकही झाला. कार्ड खिडकीतल्या संतांच्या तसबिरीमागे खोचलेलं होतं, पाकिटासकट.

"काय हे?" मी म्हटलं. "एवढा जीव टांगणीला लावून काढलंय ते. ताबीज आहे का?"

व्हर्नाने कप बाजूला सारला. "कार्ड नव्हतं तोवर बरं होतं," ती म्हणाली. "कार्ड नाही म्हणून जात नाही, असं रोज रात्री स्वतःला सांगता यायचं. आता काय सांगू? मला भीती वाटते, विंडा. फार वाटते. आमचा बाप शेवटी चमचा धरू शकत नव्हता. पॉली भरवायची त्याला."

पुरवणी वीस टक्के उचलते, ते बिलाचे. मी पाकिटातून कार्ड काढून तिच्यासमोर ठेवलं आणि दवाखान्याचा नंबर लावून फोन तिच्या डाव्या हातात दिला. मी दुष्टपणा करतेय असं मला वाटत होतं आणि तरी केला.

तिने नाव सांगितलं. कार्डावरचा आकडा वाचला. मग तिकडच्या बाईने विचारलं, काय त्रास आहे. व्हर्ना म्हणाली, "हात." त्या बाईने विचारलं, कधीपासून.

"या उन्हाळ्यापासून," व्हर्ना म्हणाली. "थोडासाच."

"मागच्याच्या मागच्या लेंटपासून," पॉलीन म्हणाली.

व्हर्नाने मान वर केली. मीही. ईस्टरच्या आधीच्या त्या उपासाच्या शुक्रवारांना आमच्या पिरोग्या सगळ्यात जास्त खपतात. म्हणजे दीड वर्ष. पॉलीन टेबलावरचे केकचे कण एका बोटाने गोळा करत होती. "तुझा ट्रे पातेल्याकडे जायच्या आधी मी घ्यायचे. सगळ्या परत चिमटायचे. बायकांना माहीत होतं, त्या तुला बोलण्यात गुंतवायच्या. मी पिट्सबर्गला गेले तो एकच गुरुवार राहिला."

"दीड वर्ष?" व्हर्ना म्हणाली. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू मला सांगितलंस?"

फोनमधली बाई दोनदा हॅलो म्हणाली. मांडीवर लपवलेला उजवा हात व्हर्नाने वर काढला आणि टेबलावर ठेवला, सगळ्यांसमोर, उघडा. तो हलत होता. पॉलीनने त्यावर आपला हात ठेवला, तरी तो हलतच राहिला.

"दीड वर्ष," व्हर्ना फोनमध्ये म्हणाली. "लिहा तुम्ही."