शून्याचा तास कुठं लिहायचा

पलटणीतल्या माणसानं घरी पत्र लिहावं, तर घरच्यांना कळेल असं लिहावं. एवढी साधी गोष्ट आमच्या ह्यांना कधी कळली नाही, आणि त्याचा राग इतक्या वर्षांनीसुद्धा माझ्या मनातून गेलेला नाही. लोक म्हणतात, सोडून दे आता. का सोडू?

साठ सालाच्या आगेमागे माझं लग्न झालं. आमचं गाव मुळशीत, पौडपासून पायी तासाभरावर. हे पलटणीत, सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी आणि मामंजी, दोनच माणसं. मामंजींना अक्षरओळख नव्हती आणि मी फायनल पास, म्हणजे सातवीची परीक्षा दिलेली. गावात त्या वेळी तेवढी शिकलेली दुसरी सून नव्हती, हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगायचं नाही. पत्र आलं की मी ओसरीवर बसून ते मोठ्यानं वाचायचं आणि मामंजींनी खांबाला टेकून ऐकायचं, अशी आमची रीत पडली होती.

पहिल्याच रजेच्या पत्रात ह्यांनी लिहिलं, ‘शनिवारी १७३० वाजता पौडला उतरतो.’ मी अडखळले. सतराशे तीस कुठं वाजतात? पोस्टमनला दाखवलं. त्यानं चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला आणि म्हणाला, "ह्ये साल आसंल बाई. पेशवाईतलं."

"त्यो काय पेशवाईत उतरतोय व्हय रं?" मामंजी त्याच्यावरच खेकसले.

शेवटी शनिवारी उजाडताच मामंजी पौडला जाऊन बसले. दिवस कलला तेव्हा एसटीतून हे उतरले. म्हातारा दिवसभर दोन कप चहावर. ह्यांनी घरात पाऊल टाकलं आणि मी विचारलं, "साडेपाच लिहायला काय झालं होतं?"

हे हसले. "सवय गं. बाराच्या वर गेलं की बारा वजा करायचे. फायनल पास ना तू?"

वजाबाकी मला येत होती हो. पण वजा करून साडेपाच आले, तर साडेपाच म्हणजे कधी, ते कोण सांगणार? आमच्या घरात घड्याळ नव्हतं. ह्यांच्या मनगटावर होतं ते ह्यांच्याबरोबर परत गेलं. म्हणजे आधी पलटणीच्या वेळेची घड्याळाची वेळ करा, मग घड्याळाच्या वेळेची आमची वेळ करा, आणि मग म्हाताऱ्याला सांगा की गुरं घरी परतायच्या वक्ताला तुमचा लेक येतोय. हे सगळं मीच करायचं, आणि चुलीवर भाकरी टाकलेली असताना.

म्हणून मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं तक्ताच काढला. डावीकडं ह्यांचे आकडे, मधे घड्याळाचे, उजवीकडं आमचे. ०५०० म्हणजे पाच, कोंबडा. ०९०० म्हणजे नऊ, गुरं रानात. १७३० म्हणजे साडेपाच, गुरं परत. १९०० म्हणजे सात, दिवेलागण. २१०० म्हणजे नऊ, निजानीज. अशी खाली खाली येत गेले. २३०० झालं, आणि सगळ्यात खाली, जमिनीपासून वीतभरावर, शेवटची ओळ लिहिली : ०००० म्हणजे बारा, मध्यरात्र. दिवस कोंबड्याला सुरू होतो आणि गाढ झोपेत संपतो. मग शून्याची ओळ खालीच यायची, नाही का? मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही.

पुढच्या रजेत ह्यांनी तो तक्ता पाहिला. भिंतीपुढं उकिडवे बसून, बोट फिरवून सगळा वाचला. "शाब्बास," म्हणाले, "आमच्या हवालदाराला दाखवायला पायजे." पण शून्याची ओळ तळाला का, असं एका शब्दानं विचारलं नाही. तेव्हा विचारलं असतं तर!

मग दीड वर्ष रजाच मिळाली नाही. मामंजींचा दमा वाढला. थंडीत त्यांना आडवं पडता येईना. पाठीला गोधडीची वळकटी लावून बसून झोपायचे. औषध कधी विसरायचे, पण "पत्र आलंय का गं पोरी?" हे विचारायचं कधी विसरले नाहीत. त्यांना एकदा लेक डोळ्यांनी बघायचा होता. तेवढंच होतं त्यांचं मागणं.

मार्गशीर्षात पत्र आलं. ह्यांची बदली वर उत्तरेला झाली होती. रजा नाही, पण गाडी पुण्यावरून जाणार होती. ‘१४ तारखेला ००४० ते ०१३० गाडी पुणे स्टेशनात उभी राहील. बाबांना घेऊन ये. भेट होईल.’

मी वाचलं आणि मामंजी खांब सोडून ताठ बसले. "कदी म्हनला?"

मी आत जाऊन तक्ता बघून आले. मला कोण आनंद, की शून्यसुद्धा मला येतं! "चौदा तारखेला, मध्यरात्र उलटल्यावर. पाऊण वाजायच्या सुमारास. गाडी पन्नास मिनिटं थांबणार हाय."

तेरा तारखेला आमच्याकडं इर्जिक होती. भाताची झोडणी. गावातली पंधरा-वीस माणसं आपलं काम टाकून आमच्या खळ्यावर येणार, आणि त्यांना दुपारचं पोटभर जेवण माझ्या हातचं. मामंजी म्हणाले, "इर्जिक म्होरं ढकलू. तेरालाच निघू पोरी. एक दिस आदीच जाऊ, फलाटावर पडून ऱ्हाऊ. रेल्वेचं काय खरं?"

आणि मी, मी शहाणी! मी म्हणाले, "मामंजी, पत्रात चौदा लिवलंय. तेराला जाऊन थंडीत फलाटावर खोकत बसायचं? माणसं सांगून ठेवलीत, त्यांना काय तोंड दाखवायचं? चौदाला सकाळी निघू. संध्याकाळी पोचू. तरी सहा-सात तास हातात ऱ्हात्यात."

"तू म्हंतीस तर तसं," मामंजी म्हणाले. शिकलेल्या सुनेपुढं ते कधी वाद घालत नसत. घातला असता तर बरं झालं असतं.

तेराला भात झोडून झाला. मी दमून अशी झोपले की कूस बदलली नाही. चौदाला पहाटे उठून भाकरी बांधून घेतल्या, नव्या भाताचे पोहे कांडून ठेवले होते ते पिशवीत भरले, आणि बैलगाडीनं पौड, तिथून एसटीनं पिरंगुटचा घाट ओलांडून पुणे. मामंजींनी लग्नातला फेटा बांधला होता. एसटीत शेजारी बसलेल्या प्रत्येकाला सांगत होते, "लेकाला भेटाया चाललोय. पलटणीत हाय."

दिवेलागणीला स्टेशनात पोचलो. मामंजींना बाकड्यावर बसवलं आणि मी चौकशीच्या खिडकीशी जाऊन गाडीचं विचारलं. आतला बाबू वहीत बघत म्हणाला, "कुठल्या तारखेची?"

"चौदा. पाऊण वाजताची."

"चौदाची गेली की. काल रात्री गेली."

"काल तेरा तारीख होती," मी म्हणाले.

"बाराच्या ठोक्याला तारीख बदलते, बाई. त्यानंतर चौदाच."

"कुणाची बदलते?" मी ओरडलेच. मागं रांगेतली माणसं बघायला लागली. "रात्र मधोमध कापून अर्धी उद्याला देता होय? कुणाला विचारून?" बाबूनं पुढच्या माणसाला हात केला.

मला ती भिंत डोळ्यापुढं आली. तळाला लिहिलेली शून्याची ओळ. ती सगळ्यात वर हवी होती, कोंबड्याच्याही वर. चौदा तारीख तिथून सुरू होत होती, आणि त्या वेळी मी घरात घोरत पडले होते. तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचा राग, ह्यांचा राग, त्या चार आकड्यांचा राग. आणि आता हे बाकड्यावर जाऊन सांगायचं होतं.

मामंजींना पहिल्यांदा कळलंच नाही. "लेट हाय का गाडी?"

"न्हाई मामंजी. गाडी काल येऊन गेली. माझं चुकलं."

"काल मंजी... इर्जिकीच्या राती?"

"व्हय."

ते फेट्याचा शेमला चाळवत बसले. मला वाटलं, आता तरी बोलतील. दोन शब्द सुनावतील तर मला सुटल्यासारखं होईल. ते म्हणाले, "आजबी याची आसंल की तीच गाडी. आलोच हाय तर बघून जाऊ."

परतीची एसटी सकाळशिवाय नव्हतीच. गाडी आली तेव्हा मामंजी धापा टाकत एकेका डब्याच्या खिडकीशी जाऊन आत बघत होते. ह्या गाडीत त्यांचा लेक नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. पन्नास मिनिटं त्यांनी तेच केलं. पोहे आम्ही परत घेऊन आलो.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. ‘मी अख्खा फलाट तीनदा फिरलो. फेटा दिसला की धावायचो. १४ तारीख स्पष्ट लिहिली होती, तरी तुम्ही का आला नाहीत?’ स्पष्ट! मी ते वाक्य मोठ्यानं वाचलंच नाही. मामंजींना सांगितलं, खुशाल आहेत म्हणून लिहिलंय. मग आत जाऊन उलट पत्र लिहिलं, त्यात काय लिहिलं ते इथं सांगण्यासारखं नाही. त्याला उत्तर म्हणून ह्यांनी पार्सलनं गजराचं घड्याळ पाठवलं. आणि ते तरी कसलं? बारा आकड्यांचं! मी कपाळावर हात मारून घेतला. भिंतीवर शून्याची ओळ वर घ्यावी म्हटलं, तर वर फळी होती. जागाच नव्हती. मी पांढऱ्या मातीचा हात फिरवून सगळा तक्ताच पुसून टाकला.

मामंजी त्या वैशाखात गेले. रात्री दम लागला आणि उतरलाच नाही. त्यांचा हात हातात धरलेला असताना मी त्या घड्याळाकडं बघितलं. साडेबारा.

सकाळी पौडला पोस्टात तार करायला गेले. मी सांगत होते आणि पोस्टमास्तर लिहून घेत होते. "वडील वारले. तारीख सोळा, ००३०."

मास्तर थांबले. "पंधराच्या रात्री ना? बरोबर आलेले लोक तर पंधराच म्हणतायत."

"सोळा लिहा," मी म्हणाले. "तिकडं सोळाच समजतात. आता मला येतं ते."

ह्यांना रजा मिळायला वेळ लागला. दिवस झाले, तेराव्याचं जेवण झालं, ते पोचले नाहीत. आधी पत्र आलं. मी ओसरीवर बसले, पाकीट फोडलं आणि नेहमीच्या सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले. ‘बाबा पंधराच्या रात्री, साडेबाराला गेले, ते तारेतून समजलं. मी शनिवारी गुरं परतायच्या वक्ताला पौडला पोचतो.’

खांबाशी कुणी नव्हतं.

"पंधराच्या रात्री," मी त्या कागदावरच ओरडले. "आलं ना लिहिता? मग तेव्हा तेराच्या रात्री लिहायला हात झडला होता का तुमचा?"