नातीच्या तोंडावरचं तेल

माझी नात घोडेगावच्या कॉलेजात बारावीला. मागच्या वर्षी तिच्या कपाळावर, गालांवर अशा काही पुटकुळ्या उठल्या, की बिचारी घरातसुद्धा स्कार्फ सोडीना. जेवताना तेवढा हनुवटीखाली ओढायची. मग एक दिवस म्हणाली, "आजी, मी कॉलेज सोडते." आठ दिवस एसटीला गेलीच नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच पोर.

मी काय कमी केलं का? हिरडा उगाळून लावला, टूथपेस्ट थापली. रोज संध्याकाळी डोक्यावर तेल जिरवायची, उष्णता उतरावी म्हणून. हाताला राहिलेलं तेल वाया कशाला घालवायचं, ते तिच्या तोंडावरून फिरवायची. माझ्या आईनं माझ्या तोंडावरून असंच फिरवलं, मी लेकीच्या.

शेवटी तिला ओढतच मंचरला कातडीच्या डॉक्टरणीकडं नेलं. वयानं पोरगीच म्हणा. तिनं केसांच्या कडेनं कपाळावर बोट फिरवलं आणि विचारलं, "हिला रोज तेल कोण लावतं?"

मी चाटच पडले. "बाई गं, तुला कसं कळलं? आमच्या घरी येऊन बघितलंस व्हय?"

नात स्कार्फमधून फिसकन हसली. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

मग डॉक्टरणीनं दिव्याचं एक भिंग नातीच्या गालावर टेकवलं आणि समोरच्या पडद्यावर तिचं कातडं उमटलं. अगं बाई! नुसती बारीक बारीक भोकं, कुठं कुठं त्यातून वर आलेली लव. डॉक्टरीण म्हणाली, प्रत्येक भोकाच्या आत तेलाची इवलीशी पिशवी असते. या वयात ती जास्तच तेल सोडते. मेलेल्या कातडीनं त्या भोकाचं तोंड बुजलं, की तेल आत तुंबतं, जंतू वाढतात आणि फोड येतो. "त्यात वरून आजींचं खोबरेल!"

मी म्हटलं, "माझंबी कातडं दाव की."

दाखवलं. सत्तरी उलटलेलं, उन्हात रापलेलं, पण भोकं तिथंही तशीच. इतकी वर्षं हे तोंड मी धुतेय, पुसतेय, आणि आत कुणी न सांगता कुणीतरी माझ्यासाठी तेल गाळतंय! हात जोडावेसे वाटले, पण कुणाला ते कळेना.

औषध साधंच निघालं. रात्री मटाराएवढं मलम सगळ्या तोंडाला. दोन वेळा सौम्य साबणानं धुवायचं, घासायचं नाही, फोडायचं तर मुळीच नाही. तेल तोंडाला बंद. "दोन-तीन महिने लागतील. आधी वाढल्यासारखं वाटेल, पण सोडू नका."

तसंच झालं. तिसऱ्या आठवड्यात तोंड लालभडक. नातीनं मलम कोपऱ्यात भिरकावलं. "तुझी डॉक्टरीण खोटारडी आहे!"

"तिला बोटानं माझं तेल दिसलं गं, मग पुढचंबी दिसत असंल. लाव गप."

लावलं, तोंड फुगवून. दीड महिना झाला. डाग होते तसेच, हनुवटीवर दोन फोडही होते, पण नवं काही उठत नव्हतं. एका सकाळी आंघोळ करून आली नि म्हणाली, "आजी, डबा भर. सातची एसटी गाठायचीय."

मी भाकरी बांधता बांधता तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. कातडं आतल्या आत, आपलं आपणच नवं होत होतं.