तुळशीत खोचलेली काडी

मातीचा ओलावा मोजणारा तो काडीसारखा सेन्सर तुळशीवृंदावनात खोचायला मीच सांगितलं. हे आधी कबूल करून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे.

जागा मला अचूक वाटली होती. वृंदावन बागेच्या मधोमध, वायफाय तिथवर पोचतं, आणि तिथे कुणाचा पाय पडत नाही. जोडणीला आलेला माणूसही म्हणाला, "परफेक्ट, साहेब!" यंत्र विकणारा आपल्याला परफेक्ट म्हणाला की सावध व्हावं, हे मला पंचावन्न वर्षांत कुणी शिकवलं नाही. त्या काडीने माती चाचपायची. कोरडी लागली तर नळ्यांना पाणी सोडायचं, ओली लागली तर बंद ठेवायचं. सगळ्या बागेच्या वतीने ही एकटी काडी बोलणार.

त्याआधी दोन दिवस बागेची तयारी चालली होती. तयारी कसली, साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर शाळेत जी धांदल उडते, ती. नळीला वळण चालत नाही म्हणून कुंड्या एका रांगेत. फुटक्या बादलीतला अळू हद्दपार, कारण तो नकाशात बसेना. जास्वंदीची फांदी यंत्राच्या पेटीवर टेकत होती, ती छाटली. झाडांनी यंत्राशी जुळवून घ्यायचं, यंत्राने झाडांशी नाही, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी हातात फोन घेऊन मुकादमासारखा उभा होतो.

मग तो माणूस द्राक्षाच्या वेलापाशी आला.

हा वेल हिच्या माहेरचा. सासऱ्यांची पिंपळगाव बसवंतला बाग होती. ते गेल्यावर वाटण्या झाल्या, बाग मोडली, आता तिथे दुसऱ्या कुणाचे टोमॅटो असतात. मोडायच्या आदल्या दिवशी हिने एक काडी कापली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून नाशकात आणली. वडिलांच्या हातचं म्हणून हिच्याकडे एवढंच आहे. द्राक्षं आंबट येतात. पण ती आंबट आहेत असं म्हणायची आमच्या घरात परवानगी नाही.

वेलाच्या बुडाशी हिने मडकं पुरलं होतं. तळाला बारीक भोक, भोकात चिंधी. चार दिवसांनी एकदा भरलं की थेंब थेंब झिरपत राहतं. ही सासऱ्यांची युक्ती.

"वहिनी, हे काढावं लागेल. दोन सिस्टीम एकत्र चालत नाहीत. रीडिंग चुकतं."

"मडक्याला कसलं आलंय रीडिंग?" ही म्हणाली.

"अगं, जग कुठल्या कुठे गेलं!" मी मध्ये तोंड घातलं.

"जग गेलं असेल. वेल इथेच आहे ना?"

मी स्वतः मडकं उकरून जिन्याखाली पालथं घातलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही आठ दिवसांसाठी मुलीकडे पुण्याला निघालो. शेजारच्या वहिनी दरवेळी आमच्या बागेला पाणी घालतात. त्यांना मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "बागेचं काही बघू नका, ती आता स्वतःचं स्वतः बघते. तुळशीला तेवढा रोज तांब्या घाला." कारण तुळशीला पाणी माणसानेच घालायचं, तिला नळी लावायचं माझ्याही मनात आलं नव्हतं.

पुण्यात रोज सकाळी फोनवर हिरवा हसरा चेहरा उगवायचा. 'तुमची बाग आनंदी आहे. आज पाण्याची गरज नाही.' मी तो मुलीला दाखवला, जावयाला दाखवला, लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी गृहस्थांनाही दाखवला.

"एकदाही गरज नाही?" हिने पाचव्या दिवशी विचारलं. "एप्रिलात? नाशकात?"

"अगं, स्मार्ट आहे ते."

परत आलो. फाटक उघडलं आणि पायाखाली पाचोळा करकरला. कुंड्यांतली माती कडा सोडून आक्रसली होती, जास्वंदीने मान टाकली होती. वेलाची पानं भाजलेल्या पापडासारखी. हिने हात लावला तर मोडून खाली पडली. आणि या सगळ्याच्या मधोमध तुळस. हिरवीगार, टवटवीत, मंजिऱ्यांनी डवरलेली.

"एक दिवस चुकले नाही हो," शेजारच्या वहिनी म्हणाल्या. "ऊन फार होतं म्हणून नंतर तर दोन-दोन तांबे घातले. बाकीच्या झाडांकडे बघवत नव्हतं, पण भाऊजीच म्हणाले ना, बघू नका."

माझ्या खिशात फोन टुंग वाजला. बाग आनंदी होती.

मी कंपनीला फोन लावला. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार.

"सर, सिस्टीम बरोबर चाललीय," पलीकडचा म्हणाला. "माती ओलीच होती."

"तुळशीची! ती पाणी घातलेली तुळस होती!"

"मग सर, मॅडमना सांगा, तुळशीला पाणी घालणं बंद करा."

ज्या घरात अंघोळीनंतर तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाचं आधण चढत नाही, त्या घरातल्या बाईने हात आवरायचा, का, तर या काडीचा गैरसमज होतो! काडीने शिकायचं नाही, आम्ही शिकायचं. मडकं काढा, अळू काढा, फांदी काढा, आता तुळशीचं पाणी काढा. उद्या म्हणाल, पाऊस पडू देऊ नका, रीडिंग चुकतं! हे सगळं मला सुचलं तोवर त्याने तक्रार बंद केली होती आणि सेवा कशी वाटली म्हणून माझ्याकडे तारे मागितले होते.

फोन आपटून मागे वळलो तर ही कात्री घेऊन वेलापाशी बसलेली. नखाने खोडाची साल खरवडली. आत दोऱ्याएवढी हिरवी रेघ दिसली.

"नाहीतरी खरड छाटणी राहिलीच होती," ती स्वतःशीच म्हणाली. एप्रिलात द्राक्षबागा बोडक्या करतात, तसा तिने वेल छाटत आणला. प्रत्येक काडीवर कोंबाचे दोनच डोळे ठेवले. मग जिन्याखालचं मडकं आणलं, नवी चिंधी लावली, पुन्हा पुरलं. मी माती ओढू लागलो. तिने करू दिलं.

पंधरा-सोळा दिवसांनी एक डोळा फुगला. कापसासारखा मऊ, टोकाला गुलाबी. मला इतका आनंद झाला की लगेच खिशातून फोन काढला, फोटोसाठी.

ही म्हणाली, "फोन ठेवा आणि बादली घ्या. आजपासून मडकं तुम्ही भरायचं. आणि विसरलात, तर मी काही हसरा चेहरा दाखवणार नाही."