पाहुणीच्या नाकावर ठोसा

राष्ट्रीय बॉक्सिंग संघाच्या मुली सोलापुरात आल्या होत्या. सरावात त्यांच्याशी लढायला इथल्या काही मुली निवडून पुढच्या शिबिराला नेणार होते आणि माझ्या धाकट्या बहिणीला काहीही करून जायचं होतं. निवडीत वशिलेबाजी होणार याची मला इतकी खात्री, की निषेधाची पत्रकं छापूनच मी हॉलवर गेले.

आधी अर्थातच सत्कार! प्रत्येक पाहुणीला चादर आणि नारळ. मग आमच्या सरांनी आपल्या मुलींना कोपऱ्यात घेऊन बजावलं, "पाहुण्या हायत. जपून मारा. गावाचं नाव जाईल!"

संतापजनक! मुलींनी ते ऐकलंसुद्धा. हळद लावावी तसे ठोसे चालले होते. संघाच्या प्रशिक्षक बाई जांभया देऊ लागल्या. बहिणीची पाळी आली आणि तीही तेच करायला लागली, तेव्हा मी ओरडले, "अगं, ओवाळतीस काय तिला? मार की!"

तिनं मारला. पाहुणीच्या नाकातून रक्त आलं. सर माफी मागत धावले, कापूस सापडेना म्हणून माझ्या हातातलं पत्रक ओढून त्यांनी तिच्या नाकाला लावलं. बहीण रडवेली झाली.

पाहुणीनं सरांना बाजूला सारलं आणि प्रशिक्षक बाईंना म्हणाली, "मॅडम, मुझे यही चाहिए." नाकावर 'वशिलेबाजी बंद करा' तसंच चिकटलेलं.

बाईंनी मान डोलावली. बहीण उड्या मारायला लागली. मी उरलेली पत्रकं गुपचूप पिशवीत कोंबत होते, तर सर खेकसले, "ठेवतीस कुटं? आण हिकडं, रक्त थांबलं न्हाय अजून!"