चांदणीचं वावर

आमची आत्या भांडताना आवाज चढवत नसे, उतरवत असे. ती अगदी हळू बोलू लागली की सौंसरची आमची गल्ली समजून जायची, आता ही मागे हटायची नाही.

आत्याचे यजमान वरातीला घोडी द्यायचे. ते गेल्यावर सगळे म्हणाले, घोडी विकून टाक. आत्या म्हणाली, "चांदणी का खुर्ची हाय, विकाले?" पण घरामागची मोकळी जागा दिरांनी बांधायला काढली आणि चांदणीला रामाकोन्याच्या वाटेवर नामदेवभाऊंच्या तबेल्यात ठेवावं लागलं. भाऊ लोकांची घोडी सांभाळायचे. सकाळ-संध्याकाळ तिला मोकळं सोडायचं, एवढी एकच अट आत्यानं घातली होती.

काही आठवड्यांनी आम्ही दोघी न कळवता गेलो. चांदणीचे पाय सुजले होते. समोरची लाकडी गव्हाण तिनं कुरतडली होती आणि बांधल्या जागी ती नुसती डोलत होती.

"मोकळी सोडली तं बाकीच्या घोड्यायशी भांडते, मावशी," भाऊ म्हणाले. "पाय मोडला तं मलेच बोल लावसान."

आत्या हळूच म्हणाली, "बांधूनच ठेवाची तं पाय कायले पाहिजे तिले?"

त्यानंतर ती रोज बसनं जाऊन चांदणीला सडकेनं फिरवू लागली. भाऊ वैतागले. "तुम्हाले पाहून बाकीचे मालकही मले विचारून राहिले, आमचे घोडे बांधून कायले?"

"मंग सांगा ना त्यायले."

तबेल्यामागं भाऊंचं पडीत वावर होतं. पण त्यात बाभळीचे काटे, बाटल्यांच्या काचा, तारांचे तुकडे. तिथं घोडं कसं सोडणार, असं भाऊंचं म्हणणं. ते खोटं नव्हतं, म्हणून आत्यानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती विळा आणि घमेलं घेऊनच आली. मीही काचा वेचल्या. वावर साफ झाल्यावर आत्यानं चपला काढल्या आणि ती या बांधापासून त्या बांधापर्यंत अनवाणी फिरली. "मले टोचलं नाई, तिलेही नाई टोचत," ती म्हणाली. मग भाऊंनीच बांबू आणून कुंपण घातलं.

भांडणाची भीती उरली होती. "आधी त्या म्हाताऱ्या घोड्यासंग सोडा," आत्यानं सुचवलं. तबेल्यातला तो सगळ्यात जुना घोडा स्वभावानं गरीब होता.

दावं सुटलं तरी चांदणी जागची हलेना. मग तिनं माती हुंगली, खाली बसली, पाठीवर मनसोक्त लोळली आणि उठून अशी उधळली की आत्या हसता हसता रडू लागली. म्हातारा घोडाही तिच्यामागं दुडक्या चालीनं निघाला. भाऊ बराच वेळ पाहत राहिले आणि आत जाऊन स्वतःच्या घोड्याचं दावं सोडून आले.

आत्या मागच्या हिवाळ्यात गेली. परवा मी चांदणीला भेटायला गेले, तेव्हा मोहगावचे एक गृहस्थ घोडा ठेवायला आले होते. मातीत लोळून पांढरा घोडा मळतो, म्हणून त्याला बांधूनच ठेवा, असं त्यांचं सांगणं होतं.

"मंग दुसरा तबेला पहा," नामदेवभाऊ म्हणाले. "आमच्या इथं घोडे वावरात राहतात."